कामगार विम्याच्या तीन मर्यादा

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ठाणे-बेलापूर मार्गाच्या दुतर्फा पसरलेल्या कारखान्यांतून, महापे व ऐरोली येथील संगणक-कचेऱ्यांची झाडलोट सांभाळणाऱ्या ठेकेदारांकडून आणि वाशी-नेरुळच्या मोठ्या दुकानांतून जी पगारपत्रके कामगारांच्या हाती, किंवा हल्ली बहुधा त्यांच्या मोबाइलवर, येतात, त्यांत भविष्य निर्वाह निधीच्या ठळक वजावटीखाली शंभर-दीडशे रुपयांची एक किरकोळ रक्कम ‘ईएसआय’ या नावापुढे मांडलेली असते. आणि ती किरकोळ आहे म्हणूनच तिच्याविषयी विचारपूस करण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. वास्तविक पाहता पगारपत्रकातील रकमांत हिच्याइतकी कुटुंबाच्या उपयोगी पडणारी, आणि हिच्याइतकी नकळत निसटून जाणारी, दुसरी रक्कम क्वचितच असेल. ती कधी निसटते, कोणत्या हिशेबाने निसटते, आणि कामाचे तास, हजेरीचे दिवस व पगारवाढ यांच्याशी तिचा कोणता संबंध आहे, हे कामगाराने आणि त्याच्या मालकानेही समजून घ्यावे, एवढ्याच मर्यादित हेतूने हा लेख लिहिला आहे.

ही वजावट ज्या विमा योजनेची असते तिचा पूर्वेतिहास थोडक्यात सांगावयाचा तर प्रा. बी. पी. आडारकर यांनी १९४४ साली सादर केलेल्या अहवालाच्या पायावर १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला, २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर येथे पंडित नेहरूंच्या हस्ते योजनेचा प्रारंभ झाला, आणि १९५४ साली ती नागपूर व मुंबई येथील कामगारांपर्यंत पोहोचली. आज कामगाराच्या वेतनातून शेकडा पाऊण टक्का आणि मालकाकडून शेकडा सव्वातीन टक्के असे मिळून चार टक्के अंशदान जमा होते; १ जुलै २०१९ पूर्वी हेच दर अनुक्रमे पावणेदोन आणि पावणेपाच टक्के होते. म्हणजे १८,००० रुपये वेतनाच्या कामगाराचे स्वतःचे १३५ रुपये आणि मालकाचे ५८५, मिळून ७२० रुपये दरमहा कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडे जातात. आणि त्या बदल्यात कामगार, त्याची पत्नी, मुले व अवलंबून असलेले आईवडील यांना औषधोपचार, आणि स्वतः कामगाराला आजारपणात बुडालेल्या रोजगाराची अंशतः भरपाई मिळण्याचा हक्क प्राप्त होतो. बाजारातील कोणतीही खासगी विमा कंपनी आईवडिलांसह संपूर्ण कुटुंबाला या किमतीत असे संरक्षण देणार नाही. सरकारी दवाखान्यांतील रांगा, औषधांची टंचाई आणि एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर होणारी पाठवणी यांचा अनुभव ज्यांनी घेतला आहे, त्यांना हे विधान उदार वाटेल. तथापि हक्क मिळविण्यातील त्रास ही एक गोष्ट आहे आणि हक्कच हातून जाणे ही दुसरी, आणि प्रस्तुत लेखाचा विषय ही दुसरी गोष्ट आहे.

सक्तीच्या विम्याचा खर्च कायद्याने मालकावर टाकला तरी तो तेथेच स्वस्थ बसून राहत नाही, हे अर्थशास्त्रज्ञांनी पुष्कळ वर्षांपूर्वी ओळखले होते. कामगाराला ज्या सवलतीची खरोखर किंमत वाटते, त्या सवलतीचा भार कालांतराने त्याच्या वेतनवाढीतून वळता होतो, असे लॉरेन्स समर्स यांनी १९८९ साली मांडले. आणि जेथे वेतन कमी करता येत नाही तेथे मालक कामाचे तासच कायद्याच्या मर्यादेखाली आणून ठेवतो, याचा दाखला हवाई बेटांनी दिला. तेथे १९७४ सालापासून आठवड्याला वीस तास वा अधिक काम करणाऱ्याला विमा देण्याची सक्ती आहे, आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे आढळले की या सक्तीमुळे वेतनात फारसा फरक पडला नाही, परंतु वीस तासांहून कमी काम करणाऱ्यांचे प्रमाण वाढले. पुढे २०१० च्या अमेरिकन कायद्याने पन्नास वा अधिक पूर्णवेळ कामगार असलेल्या मालकावर सक्ती केली आणि पूर्णवेळ म्हणजे आठवड्याला तीस तास असे ठरविले, तेव्हा एकोणतीस तासांची वेळापत्रके आखणारे मालकही निघालेच. कायदा जेथे रेष आखतो, तेथे हिशेबी माणूस रेषेच्या अलीकडे येऊन उभा राहतो.

आपल्याकडील कायद्याने मात्र तासांची रेष आखलेली नाही. चार तास काम करणारी सफाई कामगार स्त्री आणि आठ तास यंत्रावर उभा राहणारा कारागीर हे दोघेही कायद्याच्या दृष्टीने सारखेच विमित असतात. आपल्या रेषा तीन आहेत आणि त्या निराळ्या आहेत: आस्थापनेतील माणसांची संख्या दहा, महिन्याचे वेतन एकवीस हजार, आणि सहा महिन्यांतील अंशदानाचे दिवस अठ्ठ्याहत्तर. यांपैकी पहिल्या दोहोंची चर्चा निदान कचेऱ्यांतून तरी होते. तिसरीविषयी कामगारांत जे अज्ञान आहे ते मला सर्वांत घातक वाटते, म्हणून प्रारंभ तिच्यापासूनच करतो.

वर्षाचे दोन अंशदान कालावधी असतात: १ एप्रिल ते ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. पहिल्या कालावधीतील अंशदानावर पुढील वर्षाच्या १ जानेवारी ते ३० जून या काळातील रोख लाभ अवलंबून असतो, आणि दुसऱ्यावर १ जुलै ते ३१ डिसेंबर या काळातील. आजारपणाचा रोख लाभ मिळावयाचा असेल, तर त्या आजारपणाशी संलग्न अशा अंशदान कालावधीत निदान ७८ दिवसांचे अंशदान देय झालेले असले पाहिजे. ही अट पूर्ण झाली की प्रमाणित आजारपणात सरासरी दैनिक वेतनाच्या ७० टक्के रक्कम वर्षातून जास्तीत जास्त ९१ दिवस मिळते. एखाद्याचे सरासरी दैनिक वेतन ६०० रुपये असेल तर दिवसाला ४२० रुपये, आणि पूर्ण ९१ दिवसांचे ३८,२२० रुपये. कावीळ, मोडलेला हात वा मोठी शस्त्रक्रिया यांमुळे तीन महिने घरी बसावे लागणाऱ्या माणसाच्या घरभाड्याची आणि किराण्याची बेगमी यातून होऊ शकते. क्षय, कर्करोग यांसारख्या विहित दीर्घ आजारांत हा लाभ ८० टक्क्यांच्या दराने पुष्कळ अधिक काळ चालू राहतो, परंतु त्याच्या अटीही अधिक कडक असून त्यांत दोन वर्षांची नोकरी आणि सलग चार कालावधींतील १५६ दिवसांचे अंशदान पाहिले जाते.

आता ७८ या आकड्याचे मर्म पाहा. सहा महिन्यांत सव्वीस आठवडे असतात. तेव्हा आठवड्यातून तीन दिवस वेतन मिळाले तरी अट पूर्ण होते. अट तासांची नसून दिवसांची असल्यामुळे तिचा निवाडा कित्येकदा विपरीत होतो. समजा, एक बाई महाप्याच्या कचेरीत रोज चार तास झाडलोट करते आणि महिन्याचे सव्वीस दिवस भरते. तिचे महिन्याचे तास १०४ झाले आणि सहा महिन्यांचे दिवस १५६. दुसरीकडे रबाळ्याच्या एका पॅकिंगच्या कारखान्यात बदली म्हणून लागलेला तरुण, बोलावणे येईल तेव्हा जाऊन दहा-दहा तास राबतो, पण महिन्यात त्याला बाराच दिवस काम मिळते. त्याचे तास १२० झाले, म्हणजे त्या बाईहून अधिक, आणि दिवस मात्र सहा महिन्यांत ७२. सहा दिवसांनी हुकलेला हा तरुण त्या कालावधीशी संलग्न लाभाच्या सहा महिन्यांत आजारी पडला तर त्याला रोख लाभाचा एक पैसाही मिळणार नाही. आणि त्याच्या पगारातून पाऊण टक्क्याची कपात मात्र दर महिन्याला होत राहिलेली असेल. सबब, ज्याला थोडे दिवस आणि लांब पाळ्या, किंवा पुष्कळ दिवस आणि आखूड पाळ्या, यांत निवड करण्याची संधी असेल, त्याने इतर गोष्टी सारख्या असता दुसरा पर्याय घ्यावा. आणि ज्या पर्यवेक्षकाच्या हाती बदली कामगारांची वाटणी असते त्याने दहा जणांना साठ-साठ दिवस वाटण्यापूर्वी, त्यामुळे दहाही जण अपात्र ठरतात, हे ध्यानात घ्यावे.

सातारा, कोकण वा मराठवाडा येथून आलेल्या आपल्या कामगारांना या मर्यादेत दिलासाही आहे. आषाढातील भाताच्या लावणीसाठी महिनाभर आणि गणपतीसाठी पंधरवडा गावी गेले तरी एप्रिल ते सप्टेंबर या काळात ७८ दिवस सहज भरतात, किंबहुना निम्मी हजेरी बुडाली तरी भरतात. धोका असतो तो गावी जाण्यात नव्हे, ठेकेदार बदलण्यात. नवा ठेकेदार आला की पुष्कळदा जुन्याच कामगारांना नवे म्हणून नोंदवितो आणि प्रत्येकाला नवा विमा क्रमांक मिळतो. परिणामी एकाच माणसाचे पन्नास दिवस एका क्रमांकावर आणि साठ दिवस दुसऱ्यावर, अशी वाटणी होऊन दोन्हीकडे तो अपात्र ठरतो. विमा क्रमांक हा आयुष्यभराचा असतो. नोकरी बदलताना नव्या कचेरीत तो लेखी द्यावा, नवा क्रमांक घेण्यास विनयपूर्वक पण ठामपणे नकार द्यावा, आणि चुकून दोन क्रमांक झाले असतील तर ते जोडून घेण्याचा अर्ज महामंडळाच्या शाखा कार्यालयात आजारी पडण्यापूर्वीच करावा. स्त्री कामगारांसाठी हिशेब थोडा निराळा आहे: प्रसूतीच्या लाभासाठी मागील सलग दोन अंशदान कालावधी मिळून ७० दिवस पुरतात, आणि लाभ २६ आठवड्यांचा, पूर्ण सरासरी वेतनाच्या दराने मिळतो. गरोदरपणात काम सोडण्याचा विचार करणाऱ्या स्त्रीने राजीनामा लिहिण्यापूर्वी हे दिवस मोजून घ्यावेत, इतके तरी तिच्या घरच्यांनी तिला सांगावे.

दुसरी रेष वेतनाची. योजनेच्या आरंभी ती महिना ४०० रुपयांवर होती. वेळोवेळी वर सरकत २०१० साली १५,००० वर आणि १ जानेवारी २०१७ पासून २१,००० वर आली, आणि अपंग कामगारांसाठी २५,००० वर. तेव्हापासून हा लेख लिहीपर्यंत ती तेथेच आहे. वेतने मात्र थांबलेली नाहीत. त्यामुळे कौशल्य आणि अनुभव यांच्या बळावर एकवीस हजारांच्या आसपास पोहोचलेला कामगार एका विचित्र कड्यावर उभा असतो. त्याचे वेतन २०,८०० वरून २१,५०० झाले तर महिन्याला सातशे रुपये अधिक मिळतात आणि दीडशे रुपयांची कपातही थांबते. परंतु त्यापाठोपाठ आईवडिलांसह साऱ्या कुटुंबाचे वैद्यकीय संरक्षण आणि आजारपणाचा रोख लाभ हे दोन्ही संपुष्टात येतात. साठीच्या आईवडिलांसह चार-पाच माणसांच्या कुटुंबाची खासगी पॉलिसी घ्यावयाची तर वर्षाचा हप्ता या वाढीहून कितीतरी अधिक होतो. अशी वाढ नाकारावी, असे मी सुचवीत नाही. वेतन हा निवृत्तिवेतनाचा, कर्जाच्या पात्रतेचा आणि प्रतिष्ठेचाही पाया असतो. मात्र अशी वाढ स्वीकारताना सातशे रुपयांऐवजी दोन-तीन हजारांचा आग्रह धरणे, किंवा कंपनीने निदान कुटुंबापुरता समूह विमा द्यावा अशी मागणी लेखी करणे, हा त्या कामगाराचा न्याय्य हक्क आहे.

येथे तारखेलाही महत्त्व आहे, आणि ते फार थोड्यांना ठाऊक असते. अंशदान कालावधीच्या आरंभी वेतन मर्यादेच्या आत असेल आणि मध्येच ते मर्यादा ओलांडून गेले, तर तो कालावधी संपेपर्यंत कामगार विमितच राहतो व पूर्ण वेतनावर अंशदान चालू राहते. १ एप्रिलपासून वाढ लागू झाली तर कामगार त्याच दिवशी योजनेबाहेर पडतो. तीच वाढ १ मेपासून लागू झाली तर तो ३० सप्टेंबरपर्यंत योजनेत राहतो, आणि त्या सहामाहीच्या अंशदानावर पुढील वर्षाच्या जूनअखेरपर्यंतच्या रोख लाभाचा हिशेब होतो. एका महिन्याच्या वाढीवर पाणी सोडून मिळणारा हा कालावधी, घरात कोणाची शस्त्रक्रिया ठरलेली असेल तर, फार मोलाचा ठरतो. मालकाशी बोलून वाढीची तारीख अशी ठरविण्यात गैर काहीही नाही.

जादा कामाविषयी एक गैरसमज कारखान्यांतून इतका रुजला आहे की कित्येक कामगार ‘ओटी लागला तर विमा जाईल’ या भीतीने जादा काम नाकारतात, आणि काही पर्यवेक्षक ही भीती जाणूनबुजून पसरवितात. वस्तुतः १९४८ च्या कायद्यात मर्यादा ठरविताना जादा कामाचे वेतन धरले जात नाही. अंशदान कापताना मात्र ते धरले जाते. म्हणजे ज्याचे ठरलेले वेतन १९,००० आहे त्याने दुप्पट दराने ओव्हरटाइम करून महिन्यात २४,००० मिळविले तरी तो योजनेत राहतो, फक्त त्याची कपात थोडी वाढते. आणि कपात वाढली की आजारपणातील सरासरी दैनिक वेतनही वाढते. तेव्हा प्रकृती आणि कायद्याने ठरविलेली कामाच्या तासांची मर्यादा सांभाळून ओव्हरटाइम जरूर करावा.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता अमलात आल्या, त्यांपैकी सामाजिक सुरक्षा संहितेने वेतनाची व्याख्याच बदलली आहे, आणि तिचा परिणाम या रेषेवर होणे अपरिहार्य आहे. नव्या व्याख्येत मूळ वेतन, महागाई भत्ता आणि राखण भत्ता यांचा समावेश होतो. घरभाडे, प्रवास भत्ता, जादा कामाचे वेतन इत्यादी रकमा वगळल्या जातात. मात्र वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाल्या तर अधिक झालेला भाग पुन्हा वेतनात धरला जातो. उदाहरणार्थ, मूळ वेतन १५,००० आणि घरभाडे भत्ता ९,००० अशा २४,००० रुपयांच्या पगारदाराला जुन्या हिशेबाने दार बंद होते, कारण तेथे घरभाडेही वेतनात मोजले जात असे. नव्या व्याख्येने त्याचे वेतन १५,००० ठरते आणि तो मर्यादेच्या आत येतो. अशा पगारदारांनी स्वस्थ न बसता आपल्या आस्थापनेने कोणती व्याख्या लावली आहे, हे कार्मिक विभागाला लेखी विचारावे. संक्रमणाच्या काळात जुने नियम आणि नवी संहिता यांची सरमिसळ होणारच, आणि अशा वेळी तोंडी उत्तरांना कवडीचीही किंमत नसते.

उरलेली रेष डोक्यांची, आणि ती मालकांच्या अधिक परिचयाची आहे. दहा वा अधिक माणसे कामावर असलेल्या आस्थापनेला योजना बंधनकारक होते. त्यामुळे नऊ माणसांवर येऊन थबकलेली दुकाने, किंवा एकाच छताखाली भावाभावांच्या नावांवर वाटलेली दोन आस्थापने, आपल्याकडेही दिसतात. दहाव्या माणसाचा खर्च त्याच्या पगाराएवढाच नसतो, हे खरेच आहे. प्रत्येकी १५,००० वेतनाच्या दहा माणसांवर मालकाचे अंशदान महिन्याला ४,८७५ रुपये होते, आणि ते सारे दहाव्याच्या नावे लिहिले गेल्यासारखे दुकानदाराला वाटते. पण या खर्चाच्या दुसऱ्या अंगाला काय आहे? विमित कामगाराला कामावर अपघात झाला तर भरपाईचा दावा मालकावर न येता महामंडळावर जातो, आणि प्रसूतीच्या लाभाचाही बोजा मालकावर राहत नाही. छतावरून पडलेल्या एका मजुराच्या वारसांना द्यावी लागणारी भरपाई लाखांच्या घरात जाते, आणि ती एका वेळी द्यावी लागते, याचा विचार नऊ माणसांवर थांबणारा दुकानदार सहसा करीत नाही. दहाहून कमी माणसे असली तरी मालक व बहुसंख्य कामगार यांच्या संमतीने योजनेत स्वेच्छेने येता येते. आणि सरकारने अधिसूचित केलेल्या धोक्याच्या व्यवसायात तर एक माणूस असला तरी योजना लागू होऊ शकते, ही संहितेतील तरतूद तुर्भे ते दिघा या पट्ट्यातील रासायनिक उद्योगांनी विशेष लक्षपूर्वक वाचावी. एकदा योजना लागू झाल्यावर माणसे कमी करूनही तिच्यातून सुटका होत नाही. तेव्हा दहावा माणूस काढून टाकण्याची युक्ती निष्फळही आहे आणि निर्दयही.

ठेकेदारांकरवी काम करून घेणाऱ्या कंपन्यांसाठी एक सूचना. ठेकेदाराने अंशदान भरले नाही तर ते प्रमुख मालकाकडून वसूल होते, आणि मग प्रमुख मालकाने ते ठेकेदाराकडून मिळवावयाचे असते. म्हणून ठेकेदाराचे बिल मंजूर करण्यापूर्वी मागील महिन्याच्या अंशदानाचे चलन आणि कामगारनिहाय यादी मागावी. केवळ चलन पाहून समाधान मानू नये, कारण पन्नास कामगारांपैकी तिसांचेच अंशदान भरले असले तरी चलन दिसावयास तितकेच भारदस्त दिसते.

मालकाच्या वाट्याचा भार कामगाराच्या पगारातून वळता करता येणार नाही, असे जुन्या कायद्याचे ७२ वे कलम बजावते. असे असूनही नव्या नेमणुकीच्या पत्रात ‘सीटीसी’ म्हणून जो आकडा लिहिला जातो त्यात मालकाचे सव्वातीन टक्के आधीच मिळविलेले असतात, आणि हाती येणारी रक्कम तितकी कमी भरते. चालू नोकरीत वेतन घटविणे आणि नव्या नेमणुकीत ते मुळातच कमी ठरविणे यांत कायदा फरक करतो. खिशाला तो फरक कळत नाही. उमेदवाराने एवढेच करावे की दोन नोकऱ्यांची तुलना सीटीसीवर न करता हाती येणारे वेतन आणि विम्याचे संरक्षण ही दोन निराळी मापे लावून करावी.

या सर्व रेषांच्या त्रासातून सुटण्याची एक वेगळी पद्धत याच परिसरात, वाशी-तुर्भ्याच्या कृषी उत्पन्न बाजार समितीत, वर्षानुवर्षे चालू आहे, हे सांगितल्यावाचून हा विषय पुरा होणार नाही. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील चळवळीतून महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियम १९६९ साली झाला. कांदा-बटाटा, मसाला, धान्य, फळे, भाजीपाला या बाजारांत सकाळी एका गाळ्यावर आणि दुपारी दुसऱ्यावर ओझी उचलणाऱ्या टोळीचा मालक कोण, असा प्रश्न विचारला तर उत्तर एका नावात देता येत नाही. म्हणून या कायद्याने मालक शोधण्याचा नाद सोडला. व्यापाऱ्याने हमालीची रक्कम आणि तिच्यावर ठराविक टक्के लेव्ही माथाडी मंडळाकडे भरावी, आणि मंडळाने टोळीतील प्रत्येकाचा पगार, भविष्य निर्वाह निधी, बोनस, उपदान व वैद्यकीय सोय पाहावी, अशी व्यवस्था केली. कोपरखैरणे येथे माथाडींचे स्वतःचे रुग्णालयही आहे. येथे लेव्ही माणसांवर नाही, तासांवर नाही, उचललेल्या मालाच्या मजुरीवर आहे. त्यामुळे नऊ माणसे ठेवून किंवा तीस तासांना एकोणतीस करून व्यापाऱ्याचा एक रुपयाही वाचत नाही. तो सुटू पाहतो तो बिगरनोंदणीच्या मजुरांकडून चोरून माल उतरवून घेण्याच्या वाटेने, आणि त्या वाटेवर पाळत ठेवण्याचे काम मंडळाचे व संघटनेचे आहे. माझे स्वतःचे मत विचाराल तर दारोदार जेवण पोहोचविणाऱ्या, एकाच दिवसात तीन कंपन्यांचे काम करणाऱ्या तरुणांसाठी कारखान्याच्या साच्यापेक्षा हमालांचा हा साचा अधिक योग्य आहे. आणि सामाजिक सुरक्षा संहितेने अशा कंपन्यांच्या उलाढालीवर एक ते दोन टक्के आकारणीची जी तरतूद केली आहे, तिची जातकुळी याच लेव्हीची आहे. तूर्त त्या तरुणांनी ई-श्रम संकेतस्थळावर नोंदणी करून ठेवावी, आणि शिधापत्रिका व आधार यांच्या आधारे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंतच्या संरक्षणाची खातरजमा करून घ्यावी. मात्र ती योजना रुग्णालयात दाखल होण्यासाठी आहे, तापाच्या गोळ्यांसाठी वा बुडालेल्या रोजगारासाठी नाही.

मर्यादेवरील पगारदारांविषयी थोडक्यात लिहितो, कारण त्यांना सल्ला देणारे पुष्कळ आहेत. कंपनीचा समूह विमा हा नोकरीच्या शेवटच्या दिवशी संपतो. म्हणून चाळिशीच्या आत, प्रकृती ठीक असताना, स्वतःच्या नावाची एक लहानशी पॉलिसी निराळी घ्यावी. आधीपासून असलेल्या आजारांसाठी विमा कंपन्यांना आता तीन वर्षांहून अधिक प्रतीक्षा लादता येत नाही, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक व कुटुंबाच्या आरोग्य विम्यावरील अठरा टक्के वस्तू व सेवा करही उठला आहे. समूह विम्यावर तो अद्याप आहे. नोकरी सोडताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत बदलून घेण्याचा अर्ज समूह विमा चालू असतानाच करावा, म्हणजे प्रतीक्षेची भरलेली वर्षे वाया जात नाहीत.

पुन्हा कामगाराच्या हिशेबाकडे वळतो. प्रत्येक महिन्याचे अंशदान मालकाने पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरावयाचे असते. त्यानंतर आठवड्याभराने महामंडळाच्या संकेतस्थळावर आपल्या विमा क्रमांकाने पाहिले असता मागील महिन्याचे किती दिवस आणि किती वेतन आपल्या नावे दाखविले आहे ते दिसते. हे दिवस आपल्या हजेरीपटाशी आणि पगारपत्रकाशी ताडून पाहावेत. पगारी रजेचे दिवसही अंशदानाचे दिवस असतात, आणि ते वगळून भरणा करणारे कारकून असतात. तफावत आढळल्यास प्रथम आस्थापनेला अर्ज द्यावा, त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी, आणि दाद न मिळाल्यास त्या प्रतीसह शाखा कार्यालयात जावे. कपात झालेली असूनही अंशदान भरले गेले नसेल तर पगारपत्रक हाच कामगाराचा मुख्य पुरावा ठरतो, म्हणून निदान दोन वर्षांची पगारपत्रके जपून ठेवावीत. आणि ७८ दिवसांची मोजदाद वर्षातून दोनदा, ऑगस्टच्या अखेरीस आणि फेब्रुवारीच्या अखेरीस, अवश्य करावी. त्या वेळी दहा-पंधरा दिवस कमी पडत आहेत असे दिसले तर पर्यवेक्षकाकडे जाऊन सप्टेंबरात किंवा मार्चमध्ये तेवढे दिवस काम मागून घेण्यास अजून महिनाभराचा अवधी हाती असतो.